चिलापी, भाकरी आणि होंडुरास

हॉटेलात गेल्यावर मेन्यूकार्ड उजवीकडून डावीकडे वाचणारा जो एक मोठा समाज महाराष्ट्रात आहे, त्याचा मी जुना सभासद. आधी आकडा पाहायचा. तो सोसवला तर पदार्थाचं नाव वाचायचं. नाव उच्चारता आलं तर मागवायचा. या तीन चाळण्यांतून शेवटी जे खाली पडतं त्याला आमच्या घराण्यात 'आवड' असं म्हणतात. माझ्या वडिलांची आवड आयुष्यभर मिसळ हीच होती. माझीही तीच आहे. संस्कार संस्कार म्हणतात ते यालाच.

म्हणून जिथे मेन्यूकार्डच नसतं अशा जागा मला मनापासून आवडतात. तिथे सगळा मेन्यू पोऱ्याच्या तोंडात असतो आणि ज्या पदार्थाचं नाव पोऱ्याच्या तोंडात बसत नाही तो पदार्थ तिथे शिजतच नाही. अशा चांगल्या आणि स्वस्त खानावळीच्या काही खुणा आहेत. दारात ट्रक उभे असावेत, पण ड्रायव्हर ट्रकमध्येच डबा उघडून बसलेला नसावा. टेबलावर पाण्याचा जग असावा आणि त्याला पोचे आलेले असावेत. पोचे म्हणजे अनुभव. हात धुवायच्या बेसिनवर आरसा असावा, त्यात आपला चेहरा सोडून बाकी सगळं दिसावं, आणि आरशापाशी एक कंगवा असावा, जो आपण वापरायचा नसतो. भिंतीवरचं कॅलेंडर चालू वर्षाचं असावं. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे मालक तिथेच जेवत असावा. मालकाचा डबा घरून येत असेल तर आपण पाणी पिऊन उठावं. पाणीही बेतानंच प्यावं.

या सगळ्या खुणा एकाच छपराखाली मला भेटल्या त्या लोणी देवकरला. लोणी काळभोर, लोणी कंद, लोणी भापकर आणि लोणी देवकर असं पुणे जिल्ह्यानं जागोजागी लोणी लावून ठेवलेलं आहे. (पुणेकर कुणाला लोणी लावत नाहीत असा जो आरोप होतो, तो निदान जिल्ह्याला लागू नाही.) त्यांतलं हे इंदापूर तालुक्यातलं लोणी. पुणे-सोलापूर रस्त्यानं भिगवण सोडलं, पळसदेव मागं टाकलं की इंदापूरच्या आधी ते येतं. एके काळी इथे आलेला माणूस ऊस किंवा पाहुणा यांपैकी एकाच कामासाठी आलेला असे. आता एमआयडीसी झाली आहे, रस्ता चौपदरी झाला आहे, आणि शिंक आली तर गाव मागं पडतं. आम्हाला शिंक आली नाही, भूक लागली होती.

गेल्या डिसेंबरात आम्ही तुळजापूरहून देवीचं दर्शन घेऊन परत येत होतो. गाडीत मी, सौ., ह्यूस्टनहून सुट्टीला आलेली मुलगी, जावई आणि आठ वर्षांचा नातू. आमच्याकडे जाताना उपास आणि येताना मासे असा नियम आहे. देवीला त्याची कल्पना असावी. सौ. स्वतः मासा खात नाही. तिला मासा चालत नाही, मासा खाणारा नवरा चालतो. आणि तोही, तिच्या म्हणण्याप्रमाणे, पर्याय नाही म्हणून.

ऊसतोडीचा हंगाम होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आपापल्या स्पीकरवर आपापली गाणी लावून कारखान्याकडे निघाले होते. अशा एका ट्रॅक्टरच्या मागं तीन गाणी ऐकून झाल्यावर डाव्या हाताला पत्र्याचं छप्पर दिसलं. दारात सहा ट्रक. फळ्यावर खडूनं 'मच्छी खानावळ', आणि त्याखाली, ज्याला भीती वाटेल त्याच्यासाठी, 'शाकाहारींची वेगळी सोय'. ही वेगळी सोय म्हणजे खांबाच्या पलीकडचं एक टेबल. तिथे बसलं की तोंड भिंतीकडे आणि पाठ माशांकडे होते. सौ. तिथे जाऊन बसली आणि आमच्याकडे न पाहता आमच्यावर लक्ष ठेवू लागली.

पोऱ्या आला. खांद्यावर फडकं, हातात पाच ग्लास, पाची ग्लासांत पाच बोटं.

"काय काय आहे रे?"

"चिलापी फ्राय, चिलापी रस्सा, चिलापी थाळी, मरळ, वाम, कटला, अंडाकरी, शेवभाजी, पिठलं."

"मरळ दे."

"मरळ संपली."

"वाम?"

"वाम सकाळीच संपती."

"कटला?"

"कटल्याला येळ लागंल."

"मग आहे काय?"

"चिलापी हाय की!" पोऱ्या म्हणाला. हे तर मी पहिल्यांदाच सांगितलं होतं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

पाच मिनिटांत ताटं आली. अख्खी तळलेली चिलापी, अंगावर सुरीनं घातलेल्या तीन तिरक्या चिरा, त्यांत मुरलेलं लाल तिखट आणि लसूण. वाटीत रस्सा, वर तेलाचा तवंग. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, कांदा, लिंबू, आणि भात मागाहून. आतल्या बाजूला मालकीणबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या, आणि मालक, खुणेप्रमाणे, कोपऱ्यातल्या टेबलावर जेवत होते. त्यांच्याही ताटात चिलापीच होती.

जावईबापूंनी पहिला घास घेतला, थांबले, आणि म्हणाले, "बाबा, ती होंडुरासवाली आठवते?"

इथे थोडा खुलासा करायला हवा, नाहीतर वाचक आणि सौ. दोघांचाही गैरसमज व्हायचा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं मुलीकडे ह्यूस्टनला गेलो होतो. परदेशी गेलेल्या मराठी आईबापांना तिकडे दोन प्रकारची हॉटेलं दाखवतात. पहिल्या आठवड्यात उंचावरची, जिथून शहर दिसतं आणि बिलही तिथूनच दिसतं. दुसऱ्या आठवड्यात इंडियन, जिथे आपण घरून निघालोच कशाला असं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात मी जावईबापूंना म्हटलं, "तुम्ही स्वतः दुपारचं कुठे जेवता, तिथे न्या." जावई सिव्हिल इंजिनीअर, पुलांची कामं करतात. साइटवरचे गवंडी-सुतार जिथे जेवतात तिथेच तेही जेवतात. ती जागा निघाली होंडुरासच्या एका बाईची.

होंडुरासविषयी तोपर्यंत माझं ज्ञान 'बनाना रिपब्लिक' या दोन शब्दांपुरतं होतं. हे शब्द ओ. हेन्री या कथालेखकानं १९०४ साली आपल्या पुस्तकात वापरले. बँकेतल्या पैशांच्या खटल्यातून निसटून तो काही काळ होंडुरासला जाऊन राहिला होता, आणि ज्या देशानं त्याला आसरा दिला त्या देशाला तो जन्माचं टोपणनाव देऊन आला. लेखकांना घरात ठेवून घेताना विचार करावा तो यासाठी.

त्या खानावळीत पाऊल टाकलं आणि मला एकदम बरं वाटलं. टेबलावर प्लास्टिकचं फुलाफुलांचं कापड. भिंतीवर कॅलेंडर, चालू वर्षाचं. कोपऱ्यात टीव्ही, त्यावर फुटबॉल, आणि त्यात रंगून गेल्यामुळे हातातला घास हातातच राहिलेले चार गवंडी. मालकीणबाई साठीच्या, ठसठशीत. त्यांनी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मि आमोर!"

"काय म्हणते ती?" सौ. नं विचारलं.

"माझ्या लाडक्या," जावई म्हणाले. "सगळ्यांनाच म्हणते, आई."

"तिला सांगा, ह्यांना बीपी आहे."

जावईबापूंचं स्पॅनिश साइटवर शिकलेलं, त्यामुळे त्यात सिमेंट, सळई आणि शिव्या यांचं प्रमाण जरा जास्त आहे. पण तेवढ्या मालावर त्यांनी आमची जेवणं मागवली. सौ. साठी बालेआदा आली. बालेआदा म्हणजे मैद्याची जाडसर पोळी, आत शिजवून घोटलेला लाल घेवडा, वर चीज आणि साय, आणि मग मधोमध दुमडलेली. घेवडा कशात परतला आहे याची सौ. नं जावयांमार्फत तीनदा चौकशी केली. तेलात, असं तीनदा उत्तर आल्यावर तिनं घास घेतला आणि निकाल दिला, "पुरणपोळीच आहे. पुरणात गुळाऐवजी मीठ पडलंय एवढंच."

माझ्यापुढे अख्खा तळलेला मासा आला. अंगावर तीन तिरक्या चिरा. खाली हिरव्या केळ्यांचे तळलेले काप, बाजूला कोबी, आणि कांदा-टोमॅटो-कोथिंबीर-लिंबाची कोशिंबीर. तिला ते 'चिमोल' म्हणतात, पण कोशिंबीरच ती. होंडुरासात योहोआ नावाचं तळं आहे, त्या देशातलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं. राजधानी तेगुसिगाल्पा आणि सान पेद्रो सुला या दोन शहरांमधला मोठा रस्ता त्याच्या जवळून जातो, आणि रस्त्याच्या कडेला असे मासे तळणाऱ्या खानावळींची ओळ आहे. हा मासा त्या पद्धतीचा, असं बाईंनी अभिमानानं सांगितलं. मी विचारलं, माशाचं नाव काय? त्या म्हणाल्या, "तिलापिया."

म्हणजे आपली चिलापी! परदेशात अचानक गाववाला भेटल्यावर माणसाचं जे होतं ते माझं झालं. फरक इतकाच की गाववाल्याला कुणी लिंबू पिळून खात नाही.

जेवताना बाई टेबलाशी येऊन बसल्या. त्या होंडुरासच्या दक्षिणेकडच्या चोलुतेका गावच्या. ते नाव ऐकल्यावर जावईबापूंनी काटा खाली ठेवला. पूल बांधणाऱ्या लोकांत चोलुतेका हे नाव पंढरपूरसारखं प्रसिद्ध आहे. तिथे चोलुतेका नदीवर जपानी कंपनीनं एक नवा भक्कम पूल बांधला. तो १९९८ साली पुरा झाला न झाला, तोच ऑक्टोबरच्या शेवटी 'मिच' नावाचं चक्रीवादळ आलं. होंडुरासात हजारो माणसं गेली. आणि चोलुतेकाचा पूल? पुलाला काही झालं नाही! दोन्ही बाजूंचे रस्ते वाहून गेले, आणि नदीनं पुलाखालून जायचं सोडून शेजारून नवी वाट काढली. नंतर कितीतरी दिवस तो पूल, खाली नदी नाही आणि टोकांना रस्ता नाही असा, एकटाच उभा होता.

जावईबापूंनी ही हकिगत रंगवून सांगितली. पुलाची तारीफ ऐकून बाईंनी मान डोलावली. मग दोन वाक्यं बोलल्या. जावयांनी ती लगेच मराठीत सांगितली नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "बाबा, त्या म्हणतात, नदी पुलाखालून निघून जिथे गेली, तिथे आमचं घर होतं."

वादळानंतर, १९९९ साली, अमेरिकेनं आपल्याकडे असलेल्या होंडुरासच्या लोकांना 'तात्पुरतं' राहायची परवानगी दिली. ती मुदत पुढची पंचवीस वर्षं वाढतच राहिली. 'तात्पुरतं' हा जगातल्या सगळ्या सरकारी भाषांमधला सर्वांत टिकाऊ शब्द आहे.

तर ही होंडुरासवाली. आता लोणी देवकरला परत येऊ, कारण रस्सा निवायला लागला आहे.

जावईबापू इकडे चिलापी खात होते आणि तिच्यावर व्याख्यानही देत होते. तळलेल्या माशापुढे बोलत राहणं हे इंजिनीअरालाच जमतं. ते नातवाला सांगत होते की हा मासा मुळात इथला नाही, आफ्रिकेतला. १९५२ साली तो भारतात आणला. या माशाची आई अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, आणि संकट आलं की पिल्लं पळत येऊन आईच्या तोंडात शिरतात.

"मग ती बोलते कशी?" नातवानं विचारलं.

"नाहीच बोलत," जावई म्हणाले, आणि खांबाच्या पलीकडे पाहून त्यांनी विषय आवरता घेतला.

पण मालकांचे कान आता आमच्याकडे लागले होते. ते हात धुऊन आले आणि शेजारची खुर्ची ओढून बसले. पासष्टीच्या आतबाहेरचे, पांढरी टोपी, बनियनवर शर्ट, शर्टाची बटणं जेवणापुरती उघडी.

"काय म्हनलं पाव्हनं? चिलापी आफ्रिकेची?"

"हो."

"आन् रव्हू-कटला?"

"ते गंगेकडचे. तिकडून बीज आणून सोडतात."

"मिरची तरी आपली का न्हाय?"

इथे मी चर्चेत पडलो, कारण हा विषय मी वाचलेला होता. म्हटलं, "मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी आणली. शेंगदाणाही तिकडचाच, टोमॅटोही."

मालकांनी ताटाकडे एक दुःखी नजर टाकली. एकेक पाहुणा उठून चालल्यासारखं त्यांना वाटलं असावं. "आन् ज्वारी?"

"ज्वारी आफ्रिकेतली. पण ती हजारो वर्षांपूर्वी आली."

"ज्वारी तरी ठिवा की ओ आमच्याकडं!"

"हळद आपलीच आहे," मी म्हटलं.

"ऱ्हायली म्हना काहीतरी," मालक म्हणाले, आणि मग हसले. "खरं सांगू का, मासा भायेरचा, पानी सरकारचं. पन पान्याखालचं रान तेवढं आमचं हाय."

उजनीचं धरण भीमा नदीवर आहे. १९६६ साली त्याचा पाया घातला आणि १९८० साली ते पुरं झालं. धरणाच्या जलाशयाला यशवंतसागर असं भारदस्त नाव आहे, पण ते पाटीवर. इंदापूर तालुक्यात त्याला 'पाणी' म्हणतात. भिंत तिकडे सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, आणि पाणी मागं फुगत आलं ते इकडे भीमेच्या दोन्ही काठांवर. नदीकाठची गावं उठली. जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं हेमाडपंती देऊळ जागच्या जागी राहिलं आणि पाण्यात गेलं. चोलुतेकाला पूल राहिला आणि नदी निघून गेली. इथे देऊळ राहिलं आणि नदी घरात आली.

मालकांचं रान त्या पाण्यात होतं. "काळी कसदार जमीन," ते म्हणाले, "काठी रवली तरी पालवी फुटंल अशी. मी साळंत व्हतो. आमचा बा रोज सकाळी जाऊन बगायचा पानी कुठवर आलं. बांधाला आलं. मंग हिरीत आलं. मंग जायचं बंद केलं त्यानं."

"मोबदला मिळाला ना?" मुलीनं विचारलं.

"मिळाला की. दुसरीकडं जमीनबी मिळाली. माळाची. तिच्यात काठी रवली तर काठीच ऱ्हाती." ते पुन्हा हसले. "मंग रस्त्याला येऊन ही खानावळ टाकली. आमच्या रानात आदी ज्वारी निगायची, आता चिलापी निगती. रान त्येच हाय, पीक बदललं. भोई जाळं टाकत्यात आन् माज्याच रानातलं मला इकत्यात!"

"साहेब काय करतात?" त्यांनी जावयांकडे पाहून विचारलं.

जावईबापू क्षणभर घोटाळले. पुलाचा घास गिळला जावा तसं त्यांचं झालं. "इंजिनीअर," ते हळूच म्हणाले. "पूल वगैरे."

"पूल, धरनं?"

"धरणं नाही हो! फक्त पूल!"

"आसूं द्या की," मालक मोठ्या मनानं म्हणाले. "तुमच्यासारक्यांमुळंच तर आमचं हाटेल उबं हाय. ये रं, साहेबांना रस्सा आन!"

रस्सा आला. जावयांनी तो मुकाट्यानं घेतला. मराठी जावयाला सासऱ्यापुढे नको म्हणायची सवय असते, पण धरणग्रस्तापुढे इंजिनीअराला ती सोय नसते.

"मग आता तुमचं शेत दिसतच नाही?" नातवानं विचारलं.

"दिसतं की बाळा. दोन हजार चोवीसच्या उनाळ्यात दिसलं. मायनस साठ झालं व्हतं पानी."

"मायनस साठ पाणी?" नातवाचे डोळे मोठे झाले. पाणी एकतर असतं किंवा नसतं, हे त्याला ह्यूस्टनच्या शाळेत शिकवलेलं.

हे समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. उजनीत एकूण पाणी मावतं सुमारे ११७ टीएमसी. त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी हा 'मृत साठा', म्हणजे हिशेबात न धरलेला. टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या पाण्याची. त्यामुळे वरचं संपलं की धरण शून्यावर येतं, पण रिकामं होत नाही. त्याच्याखाली उतरलं की मायनस.

"म्हणजे झीरो हा खरा झीरो नाही?"

"हे बघ," मी म्हटलं. "आजी जेव्हा सांगते की लाडू संपले, तेव्हा डब्यात किती असतात?"

"अकरा," नातू ताबडतोब म्हणाला.

"तो मृत साठा."

खांबाच्या पलीकडून एक खोकला ऐकू आला. शाकाहारींच्या वेगळ्या सोयीत ऐकू येण्याची सोय उत्तम आहे, हे कळलं.

"मग तुम्ही गेलात शेत बघायला?" नातवानं मालकांना विचारलं.

"गेलो की. चिखुल वाळून भेगा पडल्या व्हत्या. लोकं पळसनाथाचं देऊळ बगायला गाड्या करून येत व्हती, फोटो काढीत व्हती. मी आमच्या अंगाला गेलो. बांध न्हाय, झाड न्हाय, वळखावं कशावरनं? पायानं चाचपत गेलो. हिरीचा कठडा घावला."

"मग काय केलंत?"

मालकांनी जरा विचार केला. पोराला खरं उत्तर द्यायचं म्हणून केल्यासारखा.

"काय करनार? बसलो कठड्यावर घटकाभर. मंग हाटेल उगडायची येळ झाली."

त्यावर कुणी काही बोललं नाही. बाहेर एक ट्रॅक्टर आपलं गाणं घेऊन गेला. मुलीनं नातवाच्या ताटातल्या माशाचे काटे काढायला घेतले, जे तो मघापासून स्वतःच काढत होता.

शेवटी जावईबापूंनी तोंड उघडलं. त्यांनी मालकांना चोलुतेकाची हकिगत सांगितली. वादळ, पूल, नदीनं बदललेली वाट, आणि त्या वाटेत आलेलं घर. सिमेंट-सळईशिवाय, साध्या मराठीत. मालक लक्ष देऊन ऐकत होते.

"मंग ती बाई आता काय करती?"

"खानावळ चालवते. अमेरिकेत."

"काय देती?"

"चिलापी."

मालक खुर्चीत ताठ बसले. एका क्षणात ती बाई त्यांच्या धंद्यातली झाली होती.

"रेट काय लावती?"

जावयांनी डॉलरचा आकडा सांगितला आणि मालकांच्या नजरेतला प्रश्न पाहून तो रुपयांतही सांगितला. मालकांनी आत तोंड करून हाक मारली, "आगं, आयकलं का! एका चिलापीचं दीड हजार!" आतून भाकरी थापल्याचा आवाज एक ठोका चुकला.

"त्याच्यावर भाकरी किती?"

"भाकरी नाही. केळ्याचे काप देतात."

"ह्याः!" मालकांचा सगळा आदर ओसरला. केळ्यांचं त्यांना नवल नव्हतं. धरणापलीकडे करमाळ्याच्या बाजूची केळी हल्ली बोटीनं परदेशी जातात. "केळं काय माशाबरूबर खायाचं? पोट कसं भरंल मानसाचं? तिला म्हनावं, भाकरी ठिव. धंदा वाढंल."

बिल आलं. पाच माणसांचं पोटभर जेवण ह्यूस्टनमधल्या दोन कॉफ्यांच्या भावात बसलं. त्यातही मोजून पाहिलं तर चारच ताटांचे पैसे लावलेले. विचारलं तर म्हणाले, "लेकराचं धरत न्हाय आमी." होंडुरासवालीनं आमच्या नातवाला पिकल्या केळ्याचे गोड काप असेच दिले होते आणि पैसे काढल्यावर तिनंही हात असाच हलवला होता. माझ्या खुणांच्या यादीत ही एक खूण मी आता सगळ्यात वर घातली आहे. ज्या खानावळीत लेकराचं ताट धरत नाहीत, तिथलं बाकीचं काही तपासायची गरज नाही.

सुट्टी संपली, मंडळी परत गेली. महिन्याभरानं जावयांचा फोन आला.

"बाबा, निरोप पोचवला."

"कसला?"

"भाकरी ठेव म्हणून. तिला आधी कळेना भाकरी म्हणजे काय. मग मी मोबाइलवर ज्वारीच्या कणसाचं चित्र दाखवलं. तर एकदम म्हणाली, माइसीयो! चोलुतेकाकडे ही होते म्हणे. पाऊस नाही झाला, मका गेला, की तिची आजी ज्वारीच्याच भाकऱ्या थापायची. म्हणाली, इतक्या वर्षांत मला कुणी त्याची आठवण नाही करून दिली. आणि विचारत होती, तो माणूस कोण?"

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, त्याचंही घर नदीच्या वाटेत होतं."

आता हा निरोप लोणी देवकरला पोचवायचा राहिला आहे. सौ. म्हणते, नंबर आहे ना फळ्यावरचा, मग फोन करा आणि मोकळे व्हा. पण इतका मोठा निरोप काही फोनवर सांगायचा नसतो. तो जेवता जेवताच सांगावा लागतो, आणि मरळ संपलेली असली तरी चालेल.